काळ्या पोटाचे मासे

माझ्या भित्रेपणाला तुम्ही खुशाल हसा गं, पण त्यापायी मी एकदा काय करून बसले ते ऐका. माझी लेक तान्ही होती तेव्हा नगरला आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी मलबारहून बोटभर लांबीचे पिवळे मासे आणले होते. रजेवर जाताना माशांची काचेची पेटी त्यांनी आमच्याकडे ठेवली आणि बजावलं, "यांच्यासारखीच दिसणारी दुसरी जात आहे. ती मोठी झाली की यांना जगू देत नाही. एखादा चुकून आला असेल. काळपट दिसला तर वेगळा काढा."

चौथ्या दिवशी दोन माशांची पोटं काजळासारखी काळी झाली. दुसरा कुणी त्यांच्या कोपऱ्यात आला की दोघं अंगावर धावत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लई द्वाड हायेत ही. बाकीच्यांना मारत्याल!" मी दोघांना पकडून घागरीत टाकलं.

तासाभराने बघते तर त्याच कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी पिल्लं, आणि बाकीचे मासे ती गिळताहेत. मी हात घालून हाकललं, पण एकही उरलं नाही.

डॉक्टर परतल्यावर रडतच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जात तीच होती, बाई. पिल्लं राखताना आईबाप असे काळे पडतात. हे मी सांगायला हवं होतं."

"पण माझ्यासारख्या भित्रीच्या हाती दिलेतच कशाला?"

"तुम्ही तान्ह्या लेकीला क्षणभर कुणाकडे देत नाही," ते म्हणाले, "म्हणून तर तुमच्याकडे ठेवले."