मागचं बटण

मामा : ते राहू दे. आधी मला सांग, दांडा कुठे गेला?

भाची : मामा, ही नवी खुर्ची खोलीत येऊन दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. नीट बघा तरी.

मामा : बघितली. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलोय, मला दोन मिनिटं पुष्कळ झाली. मी केलेल्या खुर्चीला उजव्या हाताशी दांडा आहे. तुझी मामी तो ओढते, बसल्याजागी आपली आपण वर येते. ढकलला की खाली. तू इथे तीन दिवस मापाची टेप घेऊन बसली होतीस ना? मग त्यात दांडा तेवढा दिसला नाही?

भाची : दिसला. दांड्याच्या जागी आता मोटार आहे. बटण पाठीमागे आहे, जो सांभाळणारा असेल त्याच्या हाताशी.

मामा : आणि बसणाऱ्याच्या हाताशी काय? टाळ्या?

भाची : मामा, आमच्या ऑफिसच्या समितीचं म्हणणं असं की पेशंटने चुकून बटण दाबलं आणि तो पडला तर जबाबदार कोण? सुरक्षेचा प्रश्न आहे.

मामा : तुझी मामी सहा वर्षांत एकदा तरी पडली का? विचार तिला, समोरच बसली आहे.

मामी : नाही पडले.

मामा : ऐकलंस? बरं, आता डाव्या बाजूची ही उशी कशासाठी आहे, ते सांग.

भाची : तुमच्याच खुर्चीवरून घेतली. मिलिमीटरसुद्धा इकडचा तिकडे नाही.

मामा : अगं, ती मी लावली, कारण हिची डावी बाजू गेली आहे! ही डावीकडे कलते म्हणून! ज्याची उजवी बाजू गेली, तो कलणार उजवीकडे आणि त्याला तुम्ही डावीकडून आणखी ढकलणार. तुमच्या समितीत अर्धांगवायू सगळ्यांना एकाच बाजूचा होतो का?

भाची : ... हे माझ्या लक्षात आलं नाही.

मामा : कमाल आहे! जे फक्त हिच्यापुरतं होतं ते साऱ्या जगाला वाटलंत. आणि जे साऱ्या जगाला लागणार होतं ते काढून टाकलंत. वर दुकानात मांडल्यासारखी पॉलिश करून आणलीत.

भाची : तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमची खुर्ची एकच आहे, आणि ती या खोलीच्या बाहेर कधी गेलीच नसती. मी दोन वर्षं त्या लोकांच्या मागे लागले आहे. नमुने केले, मोडले, पुन्हा केले. लोक हसले, ते ऐकून घेतलं. तेव्हा कुठे ही उभी राहिली. उद्या अकरा वाजता समितीपुढे नकाशावर माझी सही झाली की साचे ओतायला जातात. त्यानंतर एक खिळासुद्धा हलत नाही. आणि मी सही अडवली, तर ते सगळंच गुंडाळतील. मग घराघरांत पडून असलेल्या माणसांना तुमचा दांडाही नाही आणि माझं बटणही नाही.

मामा : चाचणी कोणावर घेतलीत?

भाची : ऑफिसातल्या पंचवीस जणांवर. मीही बसले होते.

मामा : हातीपायी धडधाकट पंचवीस जण! छान. बस आता.

भाची : आत्ता?

मामा : आत्ता. डावा हात मांडीवर ठेव, मेला आहे असं समज. पट्टा लावतो. बक्कल मागेच का? अर्थात, मागेच असणार. चल, वर. (मागचं बटण दाबतात.)

भाची : पुरे, मामा. पाय टेकत नाहीत माझे.

मामा : सुरक्षित आहेस की. मी जरा पाणी पिऊन येतो.

भाची : मामा! अहो, हा काय पोरखेळ? मामा!

(मामा स्वयंपाकघरात जातात. आतून नळाचा आवाज येतो आणि थांबतो, पण मामा परत येत नाहीत.)

भाची : मामी, ते बटण दाब ना गं.

मामी : हात पोचत नाही.

भाची : खरंच की. मलाही पोचत नाही. काय माणूस आहे! रागावले की भान नसतं त्यांना.

मामी : राग तुझ्यावर नाही.

भाची : मग कोणावर?

मामी : पहिली खुर्ची... ह्यांनी केली ना. तिचा दांडा मागे होता.

भाची : मागे? मामांनी मागे लावला होता?

मामी : मागे. मला वर केलं. दाराशी माणूस आला, वर्कशॉपचा. हे गेले. बोलत राहिले.

भाची : किती वेळ?

मामी : तास.

भाची : हाक नाही मारलीस?

मामी : आवाज नव्हता तेव्हा. तोंड उघडायचं, नुसतं.

भाची : अगं मामी...

मामी : कपडे ओले झाले. समोर ते घड्याळ. बघत बसले.

भाची : मग?

मामी : आले, तर मी रडत नव्हते. चिडले होते. बोट दाखवलं. दांड्याकडे. मग माझ्या हाताकडे. पुन्हा दांडा, पुन्हा हात. ह्यांना वाटलं, पाणी हवंय. पाणी आणलं. मी उडवलं.

भाची : (हसू आवरत) मामांच्या अंगावर?

मामी : सगळं. तीन दिवस तेच. बोट, दांडा, हात. चौथ्या दिवशी कळलं. रात्रभर झोप नाही... सकाळीच बसले कापायला.

भाची : म्हणजे उजव्या हाताशी दांडा, ही कल्पना तुझी?

मामी : माझी.

मामा : (परत येऊन) काय मग, झाली चाचणी? बोल, कसं वाटतं वर?

भाची : खाली घ्या. आणि पट्टा सोडा. मग मला सांगा, पहिल्या खुर्चीचा दांडा कुठे होता?

मामा : ... तू सांगितलंस हिला?

मामी : सांगितलं.

मामा : सहा वर्षं झाली त्याला.

भाची : मामा, मी मोजमापं घेत होते तेव्हा तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं, दांडा इथेच का? आठवतंय? तुम्ही म्हणालात, "असंच, सोयीचं पडतं." मी वहीत तेच लिहिलं. मीटिंगमध्ये तेच वाचून दाखवलं. जी गोष्ट नुसती सोयीची असते, ती पहिली छाटतात, मामा! खर्च कमी करायचा म्हटलं की सगळ्यांचा हात तिथेच जातो. तुम्ही तो तास मला सांगितला असतात, तर मी टेबलावर हात आपटून भांडले असते. आणि आता मलाच खुर्चीला बांधून शिकवताय?

मामा : कोणत्या तोंडाने सांगणार होतो? बायकोला लटकत ठेवून गप्पा मारत बसलो, हे भाचीला सांगू? वहीत लिहायला?

भाची : हो! वहीत लिहायला! चूक लाजिरवाणी होती म्हणून झाकलीत, आणि आम्ही ती जशीच्या तशी पुन्हा केली. वर मोटार लावून.

मामा : ... चुकलं माझं. उद्या मी येतो. तुझ्या त्या समितीपुढे उभा राहतो, जे झालं ते सांगतो.

मामी : तुम्ही नाही.

मामा : अगं, मी बनवली आहे ती.

मामी : तुम्ही दारात होतात. वर मी होते.

भाची : मामी, तू येशील? गाडीत बसवून नेईन, ते काही अवघड नाही. पण तिथे आठ माणसं असतात. आपल्या विषयाला वीस मिनिटं मिळतात. आणि कोणी थांबत नाही गं, वाक्य अर्धवट असतानाच दुसरा बोलायला लागतो. तुला त्रास होईल.

मामी : सही तुझी ना?

भाची : माझी.

मामी : मग माझं संपेपर्यंत... पेन उघडू नकोस.