कडबा संपला आणि बेस गेला

भिमाबाई : तुमीच बगा गुरुजी. सकाळधरनं नुसतं धुम-धुम चाललंय. फळीवरची दोन पातेली खाली आली, पन ह्याच्या गाण्याचा बेस काय जाग्यावर आला न्हाई.

जालिंदर : आई, पातेल्यांचं सोड. गुरुजी, लॅपटॉपच बिघडलाय. मी खात्रीनं सांगतो.

कारभारी गुरुजी : चौथीत तुला पाढे येत नव्हते, तेव्हा तू पाटीला दोष द्यायचास. आज लॅपटॉपला देतोस. वीस वर्षांत प्रगती आहे.

जालिंदर : थट्टा मागून करा. सांजच्याला सटवा मुकादमाचा ट्रक येतोय. त्याच्या आत हे गाणं पास झालं तर मी हितं राहनार. न्हाई तर आईसंगं ऊस तोडाया. रामकिसनभाऊनं शब्द दिलाय, हे जमलं की पाटोद्यापतुर भीमजयंतीची सगळी गाणी माज्याकडं.

भिमाबाई : ऊसतोडीला कोयत्यामागं दोन मानसं लागत्यात गुरुजी. ह्याचा बाप गेल्यापून मी ह्यालाच घिऊन जाते. आन् हा म्हनतो, मला काम हाय. खुर्चीवर बसून उंदीर फिरवायचा, ह्याला काम म्हनत्यात व्हय?

कारभारी गुरुजी : गाणं कशाचं आहे?

जालिंदर : दूध संघाच्या निवडणुकीचं. कामधेनू पॅनल, प्रचार रामकिसनभाऊकडं. निशाणी कपबशी.

भिमाबाई : आमची गाय चारा छावनीत, संघाच्या दाराला दोन सालाचं कुलूप, घरात चहा कोरा. आन् निशाणी कपबशी!

कारभारी गुरुजी : दूध असतं तेव्हा गाण्याची गरज नसते, भिमाबाई. लोक आपोआप किटल्या घेऊन उभे राहतात. बरं, दुखणं सांग. नीट सांग, डॉक्टरला सांगतोस तसं.

जालिंदर : काल टेम्पोवर लावून बघितलं. ‘कामधेनू’ आलं की पत्रा फाटल असा बेस. आन् ‘पारदर्शक कारभार’ आलं की बेस सफा गायब. नुसते शब्द. स्टँडवरली मानसं खो-खो हसली. रामकिसनभाऊ लई कावला. म्हनला, पहिल्यापून शेवटपर्यंत बेस एकसारखा पायजे.

कारभारी गुरुजी : आणि इथं, या खुर्चीत बसून ऐकताना?

जालिंदर : हितं बराबर उलटं. ‘कामधेनू’ला बेस ऐकूच येत न्हवता, म्हनून मी तिथं वाढवला. ‘पारदर्शक’ला उगंच घुमत व्हता, म्हनून तिथं उतरवला.

कारभारी गुरुजी : छान. म्हणजे खोलीनं खोटं सांगितलं आणि तू ते साक्षीदारासकट लिहून घेतलंस. पातेली कोणत्या शब्दाला पडली?

जालिंदर : पातेल्यांचं काय मदीच...

भिमाबाई : ‘कामधेनू’ला. दोन्ही बारीला ‘कामधेनू’लाच.

कारभारी गुरुजी : तुला ऐकू येत नाही, पातेल्यांना येतं. विचार कर. तो ‘कामधेनू’चा खालचा सूर एकटाच लाव. लांब धर, तोडू नको. लागला? आता ऊठ आणि फळीच्या भिंतीकडं चालत जा. घाई नको, वरातीत चालतात तसा.

जालिंदर : जातो की... आरारारा! गुरुजी, हितं तर छातीत बसतंय!

कारभारी गुरुजी : आता माघारी ये. खोलीच्या मधोमध.

जालिंदर : गेला! गुरुजी, सूर गेला!

कारभारी गुरुजी : सूर कुठं जातोय? तूच त्याला सोडून आलास. जाड सूर भिंतीवर आपटतो, माघारी फिरतो आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला धडकतो. भिंतीपाशी दोघं गळ्यात गळा घालतात. मधोमध एकमेकांचा गळा दाबतात. त्याच्या दुप्पट उंच सुराचं नेमकं उलटं, तो मधेच घुमतो; तोच तुझ्या ‘पारदर्शक’खाली आहे. खोली केवढी आहे?

जालिंदर : धा बाय धा. उंची बी धाच.

कारभारी गुरुजी : हे घर नाही बाबा, खोका आहे. तिन्ही बाजू सारख्या, म्हणून एकच सूर तिन्हीकडून माजतो. आणि तू त्या खोक्याच्या बरोबर बेंबीत खुर्ची टाकलीस. टेप लावून मोजलं होतंस काय?

जालिंदर : पंख्याखाली टाकली. गरम व्हतंय.

भिमाबाई : पंख्याखाली! लाईट असती चार तास.

जालिंदर : पन गुरुजी, एक गोष्ट पटत न्हाई. मागल्या जयंतीचं गाणं हितंच केलं. हीच खोली, हाच लॅपटॉप, ह्याच जाग्याला बसलो व्हतो. बेस असा बसला व्हता की धारूरच्या पोरांनी फोन करून विचारलं, कुठल्या स्टुडिओत केलं बे? तवापून ह्या सालात दोन सॉफ्टवेअर बदलली, हेडफोन बदलला, तीस व्हिडिओ बघितले. एक जन म्हनतो स्पीकर बदल. दुसरा म्हनतो कोपऱ्यात बेस ट्रॅप बसव. त्यो कुठं मिळतो ते सांगत न्हाई.

भिमाबाई : मागल्या साली हितं कडबा व्हता की.

जालिंदर : काय?

भिमाबाई : कडबा. दोन कोपरं पार आढ्यापतुर भरली व्हती. तूच पेंढ्यावर तंगड्या टाकून वाजवीत बसायचास. कुसळं टोचत्यात म्हनून मलाच बोलायचास.

कारभारी गुरुजी : भिमाबाई, तुम्ही शाळेत का आला नाहीत हो?

भिमाबाई : आमाला कोन घालतंय शाळंत? शाळा भरायच्या दिवसात आमी फडावर गेलतो. उसाची वाढं बांधीत.

कारभारी गुरुजी : ऐक, जालिंदर. तीस व्हिडिओंना जे जमलं नाही ते तुझ्या आईनं सांगितलं, आणि मधे जाहिरातही दाखवली नाही. रिकाम्या वर्गात बाराखडी घुमते. पोरं दाटीवाटीनं बसली की घुमत नाही. का?

जालिंदर : पोरं आवाज खात्यात.

कारभारी गुरुजी : पोरं माझं डोकं खायची, पण आवाजही खायची. अंगावर पडलेला आवाज भिंतीसारखा माघारी येत नाही. पातळ सुराला एखादी चादरसुद्धा पुरते. बेसला मात्र जाड पाहिजे, हातभर जाड, आणि कोपऱ्यात पाहिजे, कारण सगळा माज कोपऱ्यात साठतो. कडबा तेच करत होता, तोच तुझा बेस ट्रॅप. आणि तू श्रेय घेत होतास.

जालिंदर : मंग कडबा गेला कुठं?

भिमाबाई : गाईनं खाल्ला. पाऊस न्हाई, चारा न्हाई, तिनं काय तुजा लॅपटॉप खायचा?

जालिंदर : म्हंजी माजा बेस गाईनं खाल्ला?

कारभारी गुरुजी : खाल्ला, आणि त्याचं दूधही दिलं नाही. संघासारखंच झालं.

जालिंदर : छावनीतनं चार पेंढ्या आनू का?

भिमाबाई : जा की. जनावराच्या कानाला बिल्ला असल्याबिगर तिथं पेंढी देत न्हाईत. बेसाचा कान कुठला दाखवशील?

कारभारी गुरुजी : ती दाराशी गाठोडी कसली आहेत?

भिमाबाई : फडावरलं बिऱ्हाड. वाकळा, गोधड्या, जुनी लुगडी. पल्याड जवारीची दोन पोती. त्यांना हात लावायचा न्हाई हं गुरुजी. दोरीच्या गाठी मारता मारता बोटं सोलली.

कारभारी गुरुजी : गाठ सोडत नाही. जशी आहेत तशी कोपऱ्यात रचू. ट्रक येईपर्यंत ती इथं बसली काय आणि तिथं बसली काय. जालिंदर, धर. पोतं खाली, गाठोडं त्याच्यावर. अजून वर. आता खुर्ची मधनं काढ. भिंतीला चिकटवू नको. साधारण तिसरा हिस्सा सोडून बस.

जालिंदर : पंखा राहिला मागं.

कारभारी गुरुजी : घाम येऊ दे. ऊस तोडायला पंखा असतो काय? आता तू जिथं जिथं बेस वाढवलास आणि उतरवलास, ते सगळं आधी सारखं कर. मग आवाज बारीक ठेवून मागल्या जयंतीचं चांगलं गाणं ऐक, मग हे ऐक. पुन्हा ते, पुन्हा हे. कानाला चांगल्याची आठवण करून द्यावी लागते. नाहीतर तो वाईटाला सरावतो. माणसंही सरावतात.

(बऱ्याच वेळानं.)

जालिंदर : गुरुजी... ‘कामधेनू’ जाग्यावर आली.

कारभारी गुरुजी : आणि ‘पारदर्शक’?

जालिंदर : त्याच्या खाली बी तेवडाच. दोन सूर अजून जरा दांडगाई करत्यात. त्यांना हळू दाबतो. झालं. ऐका आता, सगळं सुरवातीपून लावतो. आई, तू बी ऐक.

भिमाबाई : लाव... ‘कामधेनू दारोदारी, दुधाला न्हाई तोटा... छावनीत चारा हिरवा, पॅनल आमचा मोठा’... आगं बया! हे शब्द व्हते व्हय ह्याच्यात? हिरवा चारा! त्या चाऱ्यापरीस माजं लुगडं हिरवं हाय!

कारभारी गुरुजी : एकेक अक्षर ऐकू येतं. बेस खाली जोत्यासारखा बसलाय आणि शब्द त्याच्यावर उभे आहेत. गायन पार्टीत मी ढोलकीवर हेच करायचो. गायकाच्या पायाखाली राहायचं, डोक्यावर बसायचं नाही. शाब्बास. चौथीपासून पहिल्यांदा म्हणतोय.

रामकिसन : झालं का बे, जालिंदर? टेम्पो उभा हाय बाहेर. नमस्कार गुरुजी. भिमाबाई, आपलं मत कपबशीला, ध्यानात हाय ना?

भिमाबाई : कपबशी ध्यानात हाय, रामकिसनभाऊ. चहाच ध्यानातनं गेलाय.

जालिंदर : बसा भाऊ. लावतो. तुमी म्हनला तसा बेस, पहिल्यापून शेवटपर्यंत एकसारखा.

रामकिसन : हां... हां... चाल चांगली. आवाज बी... थांब. थांब. बंद कर. हे काय केलं बे?

जालिंदर : कावून? कुठं फाटतोय का?

रामकिसन : फाटत न्हाई, पन सगळं ऐकू येतंय! ‘दुधाला न्हाई तोटा’ ऐकू येतंय, ‘हिरवा चारा’ ऐकू येतंय. छावनीच्या दारावरनं टेम्पो न्यायचाय मला. ही ओळ तिथं ऐकू गेली तर मानसं शेणाचे गोळे फेकतील!

जालिंदर : तुमीच म्हनला ना, बेस एकसारखा पायजे?

रामकिसन : एकसारखा म्हंजी शब्दावरनं एकसारखा! काल ‘पारदर्शक’ला बेस गेला, शब्द उघडा पडला, मानसं हसली. एक बी शब्द उघडा पडाया नको, येवडंच म्हननं होतं. लोकांच्या छातीत धडकलं पायजे, डोक्यात काय जायाचं कारन न्हाई.

कारभारी गुरुजी : मग शब्दच बदला की, रामकिसन.

रामकिसन : शब्द अध्यक्षसाहेबांच्या मेव्हण्यानं लिहिलेत गुरुजी. ठरावानं मंजूर झालेत. बेसाचा ठराव न्हाई, त्यो बदलता येतो. जालिंदर, अवघड हाय का?

जालिंदर : न्हाई. एक बोट वर सारायचं.

रामकिसन : मंग सार. आन् सकाळी जयंतीच्या गावांची यादी घेऊन जा.

जालिंदर : गुरुजी?

कारभारी गुरुजी : परीक्षा चालू असताना मी उत्तर सांगत नसतो.

जालिंदर : आई?

भिमाबाई : माज्याकडं काय बगतो? तुजं बोट, तुजं यंत्र.

जालिंदर : भाऊ, गाण्याच्या सुरवातीला माजं नाव येतं. ‘जालिंदर, शिरूर कासार.’ आज ह्याच्यातले शब्द दाबले तर उद्या जयंतीवाले म्हनतील, ह्याच्याकडं दिलं की गाणं समजत न्हाई. भीमगीतात शब्दच न्हाई समजला तर राहिलं काय? नुसता टेम्पो.

रामकिसन : तत्त्व सांगतो व्हय बे मला? पाटोद्यात गल्लोगल्ली डीजेवाले हायेत. तासाभरात करून देत्यात.

जालिंदर : देतील. त्यांच्या खोल्या रिकाम्याच हायेत.

रामकिसन : आन् यादी?

जालिंदर : राहू द्या तुमच्यापाशी.

रामकिसन : बघ, मागून दारात येशील. चलतो गुरुजी. जरा समजावा ह्याला, तुमचाच विद्यार्थी हाय.

कारभारी गुरुजी : समजावलं होतं. आज कळलं, त्याला समजलंही होतं.

जालिंदर : टेम्पो गेला. आई, माज्या दोन चादरी कुठं हायेत? त्या बी बांधतो. अंधार पडायच्या आत ट्रकमदी जागा धरली पायजे.

भिमाबाई : ते गाणं परत लाव.

जालिंदर : हे कशाला आता? मेलं ते.

भिमाबाई : हे न्हाई. मागल्या जयंतीचं. हितं, कोपऱ्यापाशी बसते मी.

जालिंदर : आई, बाहेर मुकादम हाका मारतोय.

भिमाबाई : मारू दे, तू लाव... एकेक शब्द समजतोय की... आले, आले! सटवाभाऊ, मी एकटीच हाय औंदा. दुसरं मानूस बघा माज्या जोडीला. पोराला काम हाय.