नऊ इंचांची भिंत, दहा मीटरची सूट

सन्माननीय अध्यक्ष महोदय, पुरस्कार समितीतर्फे मुद्दाम आलेले पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपल्या नगररचना कार्यालयाचे मोठे साहेब, साहेबांच्या सौभाग्यवती, माझे सहकारी, आणि मागच्या दाराशी चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या मावशी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मावशींचा उल्लेख कार्यक्रमपत्रिकेत नाही. मी तो का केला, ते सांगतेच. सूत्रसंचालकांनी मला चिठ्ठी दिली आहे, ‘तीन मिनिटं, हलकंफुलकं’. चिठ्ठी मिळाली, आभारी आहे.

मी नकाशा विभागात एकोणीस वर्षं काम करते. ऑफिसात मला ‘चाकवाली’ म्हणतात, हे मला माहीत नाही असं सगळ्यांना वाटतं. अंतर मोजायचं ते दांड्याचं चाक घेऊन मी गल्लीबोळ फिरते, म्हणून चाकवाली. हे चाक माझ्या हातात पहिल्यांदा दिलं ते साहेबांनी. तेव्हा ते मोठे नव्हते, नुसते साहेब होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका चौकात उभं केलं आणि विचारलं, “इथून किती वाटा फुटतात?” मी म्हटलं, चार. मग एका गल्लीच्या टोकाला नेलं, अगदी भिंतीला नाक लागेपर्यंत. “आणि इथून?” मी म्हटलं, एकही नाही. “एक आहे,” साहेब म्हणाले, “आलो ती.”

पाहुण्यांनी आमच्या या भागाला ‘उत्तम जोडलेल्या रस्त्यांचा’ पुरस्कार दिला. त्या पुरस्काराचं सगळं शास्त्र साहेबांनी मला त्या दिवशी उन्हात उभं राहून पाच मिनिटांत शिकवलं होतं. शहर किती पसरलं ते हद्दीच्या दगडावरून कळत नाही. समोर दिसणाऱ्या घरी पोचायला किती वळसा पडतो, त्यावरून कळतं. चौक मोजायचे, बंद टोकं मोजायची. सरळ रेषेतलं अंतर एका बाजूला, पायाखालचं अंतर दुसऱ्या बाजूला. दोन्हींत फार तफावत असेल तर तिथं घरं आहेत, रस्ते आहेत, पण शहर नाही. हे साहेबांचे शब्द आहेत. इतकं चांगलं शिकवणाऱ्या माणसावर राग धरणं सोपं नसतं. मी सहा आठवडे प्रयत्न करते आहे, आता जमायला लागलं आहे.

झालं काय, ते सांगते. आमच्या संगणकात रस्ते म्हणजे रेषा. काढताना हात हलतो, दोन रेषांच्या टोकांत बारीक फट राहते. म्हणून एक सोय असते. ठरावीक अंतरापेक्षा फट कमी असली की संगणक टोकं आपोआप जोडून टाकतो. ते अंतर आपण ठरवायचं. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं अर्धा मीटर होतं. पुरस्काराचा अर्ज जायच्या आदल्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “दहा मीटर कर.”

आता भिंत किती जाड असते? नऊ इंच. भिंतीच्या अलीकडे रस्ता संपतो, पलीकडे दुसरा सुरू होतो, मध्ये दोन-तीन मीटर. संगणकानं काय करावं? दिली टोकं जोडून. सोमवारी या भागात एक हजार चारशे अकरा बंद टोकं होती. मंगळवारी सकाळी दोनशे सहा. एका रात्रीत एवढ्या भिंती कोणी पाडल्या, असं कोणी विचारलं का? समितीनं विचारलं का? पाहुणे, माफ करा, तुमच्याकडे बघून बोलते आहे, कारण तुम्ही समोर आहात. तुम्ही आमच्याकडे आलात, जेवलात आणि गाडीतून चौक बघून गेलात. गाडी बंद गल्लीत शिरत नाही.

आणि दहाचा आकडा टाईप कोणी केला? मी. “अगं, आत्तापुरतं आहे, नंतर जागेवर जाऊन तपासू,” असं साहेब म्हणाले आणि मी मान डोलावली. मलाही प्रशस्तिपत्र मिळालं. घरी हॉलमध्ये लावलं होतं. माझ्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. आता त्या जागी खिळा आहे.

तपासायला कोणी गेलं नाही. बसखात्यानं मात्र तो नकाशा मागून घेतला. त्यांनी बघितलं, आपल्या मागच्या भिंतीपलीकडच्या वसाहतीपासून आपल्या ऑफिससमोरचा थांबा दोनशे चाळीस मीटरवर. मग तिथं वेगळी बस कशाला? बंद केली. ज्यांनी बंद केली त्यांची चूक नाही. त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला.

त्या वसाहतीत मावशी राहतात. या सभागृहाच्या डाव्या खिडकीतून बघा, भिंतीच्या वर पांढरी टाकी दिसते, तिच्या खालचं स्वयंपाकघर मावशींचं. सकाळी त्यांच्या कुकरची शिट्टी इथं ऐकू येते. बस बंद झाल्यावर मावशी रोज चालत येऊ लागल्या. एक दिवस मी चाक घेऊन त्यांच्यासोबत निघाले. तीन हजार तीनशे साठ मीटर. दुखऱ्या गुडघ्यानं पन्नास मिनिटं, मध्ये दोनदा पुलाच्या कठड्यावर बसून. मी त्यांना म्हटलं, मावशी, आमच्या नकाशात इथून सरळ रस्ता आहे. त्या म्हणाल्या, “असेल बाई. तुमच्या नकाशातल्या माणसांना सांगा, जरा आमच्यासाठी दार उघडा म्हणावं.”

त्याच दिवशी मी दुरुस्तीचा कागद तयार केला. अर्धा मीटर परत, बंद टोकं परत, बसखात्याला पत्र. त्यावर साहेबांची सही लागते. सहा आठवडे तो कागद साहेबांच्या टेबलावर आहे. मी आठवण केली की साहेब म्हणायचे, “बघतो, वेळ कुठं मिळतोय.” खरंच आहे, निवृत्तीच्या गडबडीत माणसाला वेळ मिळत नाही. पण काल वेळ मिळाला. काल साहेबांनी एका कागदावर सही केली. मावशींना कामावरून कमी करण्याच्या. कारण काय, तर तीन महिन्यांत एकतीस वेळा उशीर.

साहेब, तुम्ही नकाशातून पुसलेल्या भिंतीमुळे उशीर झाला. शिक्षा त्यांना दिलीत. मला याची चीड आहे, आणि ती मी हसून सांगू शकत नाही. हलकंफुलकं जमलं नाही, सूत्रसंचालकांनी समजून घ्यावं.

तर आज इथून दोन माणसं जाताहेत. एकाला व्यासपीठावर खुर्ची आहे. दुसरीनं त्या खुर्च्या पुसल्या, आणि काल ऑर्डर हातात पडूनही आज तुमच्या निरोपाचा चहा केला. मी विचारलं, मावशी, कशाला आलात? म्हणाल्या, “साहेब साखर कमी घेतात, नव्या माणसाला कसं कळणार?”

वहिनी, तुमच्या हातात जी फ्रेम दिली आहे ती आम्हा सहकाऱ्यांची भेट. आपल्या भागाचा नकाशा आहे, छपाई माझी. वरचा कागद काढाल तेव्हा लाल ठिपके दिसतील, एक हजार चारशे अकरा. छपाईतला दोष समजू नका. साहेबांनी मला शिकवला तो नकाशा हाच. दिवाणखान्यात लावा. शिकवणारे साहेब मला अजून आवडतात, त्यांच्या घरी तो शोभेल.

आज संध्याकाळी पुरस्काराचे आकडे कायम होतात. पुढची पाच वर्षं बस, दवाखाना, शाळा त्यांच्यावरच ठरणार. साहेब, तुमची नोकरी साडेपाचपर्यंत आहे. आत्ता पाचला दहा कमी आहेत. दुरुस्तीच्या कागदावर ‘चूक कोणाची’ या रकान्यात मी माझी सही केली आहे, तुमची तिच्याखाली हवी. मावशींच्या कागदावर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही मी आज माझ्या टेबलावर आणून ठेवले आहेत. या व्यासपीठापासून ते टेबल सव्वीस पावलं, मी मोजली आहेत, वाटेत काही नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. मोठ्यांसमोर आवाज चढला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तो माझा उणेपणा समजून पोटात घाला. चहा घ्या. कपबशा आवरल्या की मावशी निघतील, पन्नास मिनिटांनी त्या टाकीखाली दिवा लागेल. तोवर मी टेबलाशी बसले आहे. साडेपाचच्या पुढे थोडी मिनिटं गेली, साहेब, तरी चालेल. मधली फट मी जोडून घेईन, ती सवय मला तुम्हीच लावली आहे.