घराकडे वळलेला घोडा

काराकोल शहरातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काचेवर सात मेमरी कार्डं मांडली होती. रांगेत पुढचे आजोबा विक्रेतीशी हुज्जत घालत होते. मागे उभी मेएरिम ऐकत होती.

"उद्या माझी गरुडीण कायमची सोडतोय, पोरी. दहा वर्षं शिकारीसाठी सांभाळली. ती एकदाच उडणार, आणि हा कॅमेरा मधेच अडतो! हे कार्ड दे, यावर दोनशे लिहिलंय."

"तो वेग कार्डातून फोटो कॉम्प्युटरवर घेतानाचा, आजोबा. साठवताना हे तीसवर येतं."

"म्हणजे घराकडे वळलेला घोडा! तेव्हा लंगडं तट्टूही पळतं. जाताना पळणारं दाखव!"

"हे घ्या. साठवताना नव्वद."

"घाल कॅमेऱ्यात! ए मागची, हात हलव. जोरात, पंख आहेत समज!"

मेएरिमने हात पसरले.

सलग एकशे चौदा फोटो निघाले. कॅमेरा एकदाही अडला नाही.