जाड खांबाजवळचं बाक

(चर्चच्या आत, मनोऱ्याच्या पायथ्याशी. इंजिनिअर भाची आणि तिथले पाळक असलेले तिचे मामा.)

भाची : ही बघ, मामा. भेगेवर मी आडवी काचेची पट्टी बसवून गेले होते ना? मधोमध तडकलीय. भिंत हलली नसती तर काच शाबूत राहिली असती.

मामा : वटवाघूळ धडकलं असेल.

भाची : मामा!

मामा : बरं, सांग. इंजिनिअर म्हणून सांग, भाची म्हणून नको.

भाची : मनोरा कलतोय. मुळात तो बुटका, सपाट माथ्याचा. एवढा दगडी कळस मागाहून चढवला, पाया मात्र जुनाच ठेवला.

मामा : लांबून दिसावा म्हणून चढवला. तेव्हा इथे माणसं मावत नव्हती गं. त्याच सुमाराला डावीकडची भिंत फोडून कमानी काढल्या. म्हणून ते खांब बघ कसे सडपातळ, कमानीही टोकदार. उजवीकडचे गोल खांब मूळचे. एकट्याच्या कवेत मावायचे नाहीत.

भाची : त्या कमानींनीच घात केला. भिंत होती तोवर मनोऱ्याला आधार होता.

मामा : म्हणजे गर्दीसाठी मोकळं केलं, तेच नडलं. आणि आता रविवारी आम्ही मोजकी म्हातारी डोकी.

भाची : खाली खणून पाहिलं. माती भुसभुशीत आहे, टेकू धरणार नाही. आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांनाही दाखवलं. चर्च बंद करावं लागेल, मामा. आजच.

मामा : या रविवारची एक उपासना तेवढी...

भाची : नाही.

मामा : माझ्यासाठी नाही म्हणत. तुझ्या मामीसाठी.

भाची : मामी अजून येते? तिला तर काहीच आठवत नाही ना?

मामा : घरात मला विचारते, "आपण कोणाकडे आलात?" चहा दिला तर परक्यासारखी संकोचते. पण इथे, त्या जाड खांबाजवळच्या बाकावर, उपासना संपवून मी शेजारी जाऊन बसलो की म्हणते, "अहो, आज प्रवचन फार लांबवलंत." तेवढ्यापुरता मी तिचा नवरा असतो.

भाची : दुसऱ्या चर्चमध्ये नेऊन बघितलंस?

मामा : नेलं होतं. घाबरून रडायला लागली.

भाची : माझ्या हातात असतं तर, मामा...

मामा : ठाऊक आहे मला. कुलूप तू लाव. ही घे किल्ली.

भाची : मामीला काय सांगशील?

मामा : तिने विचारायला तरी हवं ना, पोरी.