कव्हरपुढे काय लिहू?

वादळाच्या नुकसानभरपाईच्या खिडकीमागे कारकूनबाई फॉर्मवर शिक्के मारत होत्या. कान मात्र रांगेतल्या दोन पिकअपवाल्यांकडे होते.

"काका, तुमच्या गाडीच्या हौद्याचं कव्हर राहिलं का?"

"एक टाका उसवला नाही."

"माझ्याच्या पार चिंध्या झाल्या. दोरीने चांगलं आवळून बांधलं होतं हो."

"तिथंच चुकलास. बायकोने मला दोरीला हात लावू दिला नाही. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या. वाऱ्याने ओढलं की रबर ताणतं आणि परत येतं. कापडाला झटका बसत नाही."

"काकूंना बरं सुचलं."

"कव्हर तिनेच शिवलंय. पट्ट्या बघून मी हसलोच होतो."

"मग तुम्ही रांगेत कशाला?"

"घराचे पत्रे उडाले."

"अरे देवा. आणि घरातली माणसं?"

"कव्हरखाली. बायको, म्हातारी आई, दोन्ही पोरी, शिलाई मशीनसुद्धा. एकाचाही केस भिजला नाही."

काकांचा नंबर आला.

"गाडीचं काही नुकसान?" बाईंनी विचारलं.

"पुढची काच गेली, आरसा गेला. कव्हरपुढे 'नुकसान नाही' असं लिहा. जरा ठळक लिहा, बाई. फॉर्मची प्रत घरी दाखवायचीय."