दुकान किती वाजता उघडणार

परवान्याच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई आणि त्यांचा मुलगा उभे होते. बाईंच्या हातात शिलाई मशीन दुरुस्तीच्या नव्या दुकानाचा अर्ज होता.

“आई, नोकरी सोडू नकोस. कारखाना सुटला की संध्याकाळी उघड ना दुकान.”

“दिवसभर त्यांच्या ऐंशी मशिनींशी झटापट करायची, आणि उरलेला जीव माझ्या दुकानाला?”

“पण पगार येतोय ना घरात!”

“येतोय की. बावीस वर्षं बंद पडलेली मशीन चालू करते मी, आणि कागदावर नाव लागतं मुकादमाचं. त्याला धड सुई बसवता येत नाही.”

“अगं, बावन्न वर्षांची आहेस तू.”

“म्हणूनच. पंचविशीत असते तर अर्धवेळ करून बघितलं असतं.”

“आणि नाही चाललं तर?”

“तर बंद करीन. पण कुलूप मी लावीन, दुसरं कुणी नाही.”

“बाबा असते तर नकोच म्हणाले असते.”

“म्हणालेच होते, दहा वर्षांपूर्वी. तेव्हा ऐकलं मी. एकदा ऐकलं तेवढं पुरे झालं.”

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज आत ओढला.

“दुकानाची वेळ लिहिलेली नाही. काय लिहू?”

“संध्याकाळी सहा ते नऊ,” मुलगा घाईने म्हणाला.

“सकाळी नऊ ते रात्री आठ,” बाई म्हणाल्या.

“आई!”

“आणि रविवारी बंद, असं लिहा. त्या दिवशी मी ह्याच्याशी भांडायला मोकळी आहे.”